तिसरं नाव

ओल्ड फेरी, लाहेव्ह नदीकाठ
नोव्हा स्कोशिया
११ नोव्हेंबर १९३४

हिबर्ट,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील आणि आता हे चुलीत टाकावं की फोडावं, असा विचार करत उभा असशील. फोड. कोणी मेलेलं नाही.

पत्ता टायटस कॉर्कमनं दिला. ऑगस्टमध्ये त्यांची बोट ग्लॉस्टरला लागली तेव्हा तू धक्क्यावर जाळी दुरुस्त करताना दिसलास म्हणे. टोपी जुनीच, पोट तेवढं नवीन. तो हाक मारणार तोच तू शेडमध्ये निघून गेलास, मग त्याने तिथल्या एका माणसाकडून पत्ता लिहून घेतला. हे सगळं त्याने मला सांगितलं नोव्हेंबरात. टायटस कसा आहे ते तुला माहीत आहे. त्याच्या घराला आग लागली तरी तो आधी तंबाखू भरून घेईल.

काम एवढंच आहे. आजोबांचा बेलस्निकलच्या सोंगाचा कोट मी पोटमाळ्यावरून खाली काढला. गव्याचं कातडं अजून चांगलं आहे, कसर फक्त एका बाहीला लागली आहे. पण कमरेच्या पट्ट्याला पाच घंटा होत्या, त्यातली मोठी नाही. तो पट्टा शेवटी तुझ्या हातात होता. घंटा कुठे ठेवलीस तेवढं कळव. बाकी काही लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

कोट आपल्या घरात अकरा वर्षं कोणी घातलेला नाही. यंदा पलीकडच्या काठावरच्या सेलीनानं तिच्या नवऱ्यासाठी मागितला. तिची मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला वाटतं की ख्रिसमसला भेटी देणारा म्हणजे तो लाल कोटवाला जाड्या. गावातल्या एका दुकानाने एकाला लाल कपडे घालून खुर्चीत बसवला आहे. मुलं त्याच्या मांडीवर बसतात आणि काय काय पाहिजे त्याची यादी वाचतात. तो काही विचारत नाही, सगळ्याला हो म्हणतो. आपल्या वेळी मागायची सोयच नव्हती. विचारायचा तो बेलस्निकल, आणि आपली बोबडी वळायची. मला तो लाल माणूस आवडत नाही, आणि हे मी दुकानात मोठ्याने म्हणाले.

बाबांचं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. ठीक आहेत. अठ्ठ्याहत्तर संपली. गोठ्यात एकटे जात नाहीत, चिखल असतो ना. लायन चार वर्षांपूर्वी म्हातारपणाने गेला. त्यानंतर आम्ही बैल ठेवले नाहीत.

घंटेचं कळव.

ड्रूसिला

*

ओल्ड फेरी
२ डिसेंबर १९३४

हिबर्ट,

घंटेबद्दल एक अक्षर नाही. पण तुझ्या बायकोचं कार्ड आलं. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. "हिबर्टला तुमचं पत्र मिळालं. वाचून तो धक्क्यावर जाऊन बसला आणि जेवायला फार उशिरा आला. क्लॅराला आत्या आहे हे मला माहीत नव्हतं, क्लॅरालाही नव्हतं. ती सात वर्षांची आहे. ती विचारते, बेलस्निकल कोण? अॅग्नेस."

सात वर्षं, हिबर्ट. सात वर्षं मी आत्या आहे आणि मला एका पोस्टकार्डावरून कळतं. तुझा कान पिळायला हात शिवशिवतात, पण तेवढा लांब हात नाही. आणि तुझ्या अॅग्नेसचं अक्षर मला आवडलं, उगाच वेलबुट्टी नाही त्यात.

आता पुढचं क्लॅराला वाचून दाखव. नीट, आवाज काढून. तुला येतात.

क्लॅरा, तुझी पणजी सांगायची ते असं. फार पूर्वी आपले लोक जर्मनीतून इकडे यायला निघाले. बरोबर बियाणं घेतलं, कोबी खारवायची पिंपं घेतली, आणि थंडीत मुलांकडे येणारे दोघं घेतले. एक होती ख्रिस्तबाळ. पांढरा झगा घातलेली मुलगी, पावलं न वाजवता येते आणि खाऊ ठेवून जाते. दुसरा बेलस्निकल. अंगावर केसाळ कातडं, तोंडाला काजळी, डोक्यावर बैलाची शिंगं, हातात छडी. तिथे दोघांची कामं वाटलेली होती. हा घाबरवायचा, ती द्यायची. पण रॉटरडॅमच्या धक्क्यावर जहाज नुसतं हललं तर ख्रिस्तबाळाला मळमळायला लागलं आणि ती उतरून गेली. बेलस्निकल पिंपांच्या मध्ये झोपून आला. इथे उतरल्यावर बघतो तर जोडीदारीण नाही. तेव्हापासून छडीही त्यालाच धरावी लागते आणि खाऊही त्यालाच वाटावा लागतो. म्हणून त्याला धड रागावताही येत नाही आणि धड लाडही करता येत नाहीत. तुझ्या आजोबांचं तसंच आहे.

(तुमच्या दुकानातला तो लाल माणूस मूळचा बिशप. पांढऱ्या घोड्यावर बसायचा, हॉलंडमध्ये. तो न्यूयॉर्कला उतरला, खाऊन पिऊन सुटला, घोडा आणि टोपी दोन्ही हरवून बसला. हे पणजीचं नाही, माझं आहे.)

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून सहा जानेवारीपर्यंत बारा दिवस संध्याकाळी बेलस्निकल येतो. कधी एक, कधी चार. खिडकीवर छडी वाजते. दार उघडलं की तो आत येतो आणि मुलांना विचारतो, कोंबड्या कोणी पिडल्या, प्रार्थना कोणी चुकवली. त्याला सगळं ठाऊक असतं. मग जमिनीवर अक्रोड आणि गोळ्या फेकतो. घाईने झडप घालशील तर बोटांवर छडी बसेल. थांबून, एकेक करून वेचायचं.

शेवटी मोठ्यांची पाळी. आतला माणूस कोण ते ओळखायचं. घराला तीन नावं घेता येतात. आपल्या घरी पहिली दोन घरच्या पुरुषाची, तिसरं घरच्या बाईचं. नाव बरोबर निघालं की बेलस्निकलनं मुखवटा काढायचाच आणि घराने त्याला टेबलाशी बसवून केक द्यायचाच. मग तो कोणी का असेना, त्याच्याशी काही का वाजलेलं असेना. आणि तिन्ही चुकली तर तो एक शब्द न बोलता जातो. त्याला केक नाही.

क्लॅराचं इथे संपलं. तिला खेळायला पाठव.

मागच्या पत्रात चिखलाचं लिहिलं ते खोटं होतं. बाबांचे डोळे गेले, हिबर्ट. दोन वर्षं झाली. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ते मला सांगत नव्हते, मी विचारत नव्हते. एक दिवस त्यांनी मिठाच्या बरणीतलं कॉफीत घातलं आणि पूर्ण कप प्यायले. मी बघत होते. "छान झालीय," म्हणाले. तेव्हा मी रडले, आणि ते म्हणाले, "एवढं मीठ पुरे होतं, अजून नको."

तुला हे कळवावंसं वाटलं. घंटा निमित्त होतं, ते तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील.

ड्रू

*

१३ डिसेंबर १९३४

हिबर्ट,

आज तारीख कोणती आहे ते तुला माहीत आहे. मी सकाळी नदीवर गेले होते. काठाला बर्फ धरलं आहे, मधे पाणी काळं आहे. बरोबर त्या वर्षीसारखं.

मी जे लिहिणार आहे ते तुला माहीतच आहे, तरी माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असावं.

त्या दिवशी बाबा कंबर धरून पडले होते. बर्फावर गाडी घालायच्या आधी ते भोक पाडून जाडी बोटांनी मोजायचे. आठ बोटं भरल्याशिवाय बैल नाही. तुला त्यांनी बजावलं होतं की मी उठेपर्यंत थांब. घरात लाकूड संपलं होतं, स्वयंपाकघर गार होतं आणि मी चिडले होते. मी म्हणाले, "काल मी चालत सेलीनाकडे गेले नि आले, मला काही झालं नाही. तू पण बाबांसारखा म्हातारा झालास काय?"

तू ब्राइट आणि लायनला जुंपलंस. पलीकडून लाकूड भरून परत येताना मधोमध बर्फ फुटलं. शिंगांना बांधलेल्या जोखडाचे पट्टे तू चाकूने कापलेस, म्हणून लायन निघाला. ब्राइट निघाला नाही.

बाबांनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. मी त्यांना माणसासाठीही तसं रडताना पाहिलं नाही, आई गेली तेव्हाही नाही. रडून झाल्यावर ते म्हणाले, "ह्या घरात परत तोंड दाखवू नकोस." तू ओल्या कपड्यांत उभा होतास. तुझे हात पट्ट्यांनी कापलेले होते. तू माझ्याकडे बघितलंस सुद्धा नाहीस, म्हणजे बाबांनी माझ्याकडे बघू नये. मला कळलं. कळून मी बटाटे सोलत बसले.

हे एक झालं. दुसरं ह्याहून वाईट आहे.

सत्तावीस तारखेला चार बेलस्निकल आले. आपल्या स्वयंपाकघराच्या दाराची तुळई तुला आठवत असेलच. बाहेरचा कोणीही शिंगं घालून आत आला की धाडकन आपटतो, आणि बाबा दर वर्षी तेवढ्यासाठी दाराकडे तोंड करून बसतात. तिघं आपटले. चौथा वाकून आत आला, शिंगांसकट, वर न बघता.

तोंडावर पिठाचं पोतं होतं. उलटा घातलेला रेनकोट, कोणाचा तरी मोठा. पण ती तुळई पाठ असलेला माणूस नदीच्या ह्या काठावर एकच होता. तोंड दाखवू नकोस म्हणाले होते, म्हणून तू झाकून आलास. नाव घेतलं की बसवावं लागतं, मग कोणाशी काहीही वाजलेलं असो. किती विचार करून आला होतास तू. आणि किती घाबरला होतास, श्वासाने पोतं आत-बाहेर होत होतं.

ते तिघं ओळखले गेले, मुखवटे काढून केक खायला बसले. टायटस त्यांच्यातच होता. बाबा तुझ्याकडे बघून म्हणाले, "टायटस कॉर्कम." टायटस शेजारी बसून खात होता. सगळे हसले. मग म्हणाले, "पाद्रीबुवा." पाद्री जेमतेम पाच फुटांचे. मला वाटलं बाबांना म्हातारचळ लागला.

तिसरं नाव माझं होतं. तू माझ्याकडे वळलास.

मी म्हणाले, "एल्विन रफ्यूज."

तू छडी खाली केलीस. मग वळून, तुळईखाली वाकून गेलास. बाबा उठले आणि त्यांनी मागून तुझ्या खिशात केकचा तुकडा कोंबला. मी त्यांना टोकलंही, की न ओळखलेल्याला केक देतात का.

मी असं का केलं, हा विचार तू अकरा वर्षं केला असशील. राग म्हणून नाही. तू बसला असतास, बोलणं झालं असतं, आणि बर्फाबद्दल मी काय म्हणाले ते निघालं असतं. तू सांगितलं नसतंस हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं तू सांगशील, कारण तुझ्या जागी मी सांगितलं असतं.

मला क्षमा कर असं लिहायला हवं. लिहिलं. पण मला ते तुझ्यासमोर म्हणायचं आहे.

ड्रू

*

१९ डिसेंबर १९३४

हिबर्ट,

मागचं पत्र टपालात टाकून आले आणि मला वाटलं की आता जमेल. काल दुपारी बाबा चुलीपाशी घेवड्याच्या बिया निवडत होते. डोळ्यांनी दिसत नसलं तरी किडकी बी बोटांना कळते त्यांच्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. बर्फाचं, मी तुला काय म्हणाले ते. बिया निवडायचं त्यांनी थांबवलं नाही.

मग म्हणाले, "बर्फ बघायचं काम माझं होतं. कंबर दुखली म्हणून मी उठलो नाही. ते माझ्यावर."

मी म्हटलं, "अजून एक आहे, बाबा. तो त्या वर्षी आला होता. पोतं घालून. मी ओळखलं होतं."

"तुळईखाली वाकला," बाबा म्हणाले.

हिबर्ट, माझ्या हातातलं सूप खाली पडलं. बिया सगळीकडे गेल्या.

"मग तुम्ही नाव का नाही घेतलंत?"

"मीच म्हटलेलं, तोंड दाखवू नकोस. त्याच तोंडाने परत कसं बोलावणार? म्हणून दोन नावं फुकट घालवली. तिसरं तुझं होतं. म्हटलं, ड्रू घेईल."

टायटस शेजारी बसलेला असताना टायटस. पाच फुटांचे पाद्री. मी अकरा वर्षं त्याला म्हातारचळ म्हणत होते.

मी विचारलं, मग मला कधी बोलला का नाहीत. म्हणाले, "मला वाटलं तुझा राग माझ्याहून मोठा आहे. ब्राइट तुझाही होता. तुझा राग उतरेल म्हणून वाट बघत राहिलो." आणि मी त्यांचा उतरेल म्हणून वाट बघत होते. एकाच चुलीपाशी बसून. अशी दोन बिनडोक माणसं एका घरात ठेवून तू गेलास, हीच तुझी खरी चूक.

मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बिया वेचल्या. मी घाई केली तर त्यांनी माझ्या बोटांवर चापट मारली. "एकेक," म्हणाले.

त्यांना मी विचारलं, मग आता बोलावा की त्याला. शब्द मागे घेणं बाबांना येत नाही, तो अवयवच नाही त्यांना. शेवटी म्हणाले, "आता मला कुठे काही दिसतंय. तोंड दाखवलं काय नि नाही काय."

हे आमंत्रण आहे, हिबर्ट. त्यांच्याकडून ह्याहून स्वच्छ येणार नाही. डॉक्टर म्हणतात छातीही चांगली नाही, पुढच्या थंडीचं कोणी सांगू शकत नाही. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, पण लिहिलं नाही तर मी पुन्हा लपवलं असं होईल.

बारा दिवस आहेत. कोट सेलीनाला दिलेला नाही. तू कसाही ये, कोणत्याही सोंगात. तिसरं नाव माझं आहे आणि ह्या वर्षी जो कोणी दारातून आत येईल त्याला मी एकच नाव घेणार आहे.

तुझी ड्रू

*

३ जानेवारी १९३५

हिबर्ट,

तुझं पत्र नाही. पाच दिवसांत टपाल पोचतं, म्हणजे नाताळाआधी तुला मिळालं असेल. रागावत नाही. मी तुला अकरा वर्षं थांबवलं, मला नऊ दिवस जड जायला नकोत. पण जातात.

मी शब्द पाळते आहे. पहिल्या दिवशी सेलीनाचा नवरा आला, अंगावर गवत बांधून. बाबांनी दोन नावं घेतली. मी म्हणाले, "हिबर्ट वेन्ट्झल." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तिघं, तिघांनाही हिबर्ट. तिसऱ्या दिवशी सेलीनाची मुलगी आली, आईच्या परकराखाली लपून, उंची चार फूट. तिलाही. ती म्हणाली, "मी हिबर्ट नाही, पण केक देशील का?" दिला. ह्या वर्षी आमच्या घरात न ओळखलेले सगळे केक खाऊन जातात. रीत पार बिघडवली मी. बाबा काही म्हणत नाहीत.

नंतर लोक हसेनासे झाले. ह्या काठावर गोष्ट लपत नाही. परवा टायटस आला. दारातच त्याने मुखवटा काढला आणि टोपी हातात घेतल्यासारखा तो धरून उभा राहिला. "ड्रू, मी आहे गं. टायटस. उगाच आशा नको."

मी त्याला परत बाहेर पाठवलं. म्हटलं, मुखवटा लाव, छडी वाजव, शिंगं आपट आणि नीट आत ये. माझं तिसरं नाव मला घेऊ दे.

तो गेला बिचारा. वाजवून आला. आपटला. मी म्हणाले, "हिबर्ट." तो मान हलवून म्हणाला, "नाही," आणि बाबांशेजारी जाऊन बसला.

अजून तीन दिवस आहेत. बाबा रोज चार वाजल्यापासून दाराकडे तोंड करून बसतात. पूर्वी आपटणाऱ्यांना हसायला बसायचे. आता कोणी आपटलं की त्यांचे खांदे उतरतात. ते आपटण्याचा आवाज ऐकत नाहीत, हिबर्ट. ते आवाज न होण्याची वाट बघतात.

ड्रू

*

६ जानेवारी १९३५

प्रिय अॅग्नेस,

तो पोचला. हे आधी लिहिते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. टपालात माझं तीन तारखेचं हिबर्टच्या नावाचं पत्र तुला मिळेल, ते तूच फोड. आता त्यात लपवण्यासारखं काही नाही.

काल संध्याकाळी बर्फ पडत होतं. अकराव्या दिवशी कोणी येईल असं मला वाटत नव्हतं. केकही कमी उरला होता. छडी वाजली. मी दार उघडलं तर समोर दुकानातला लाल माणूस. कागदाचा मुखवटा, लाल गाल, कापसाची दाढी, वर तुमच्याकडचा कोणाचा तरी लांब कोट आणि डोक्यावर कुठून तरी मिळवलेली शिंगं. मी नऊ आठवडे ज्याला शिव्या घालते आहे, तोच माझ्या दारात. मला वाटलं दुकानातल्या मंडळींनी माझी खोडी काढायला पाठवला.

आणि तो आत येताना तुळईला आपटला. असा आपटला की एक शिंग निखळून जमिनीवर पडलं.

बाबांचे खांदे उतरले. मीही धरून चालले, की हा परका आहे. बाबांनी नाव घेतलं, "एल्विन." नाही. "सेलीनाचा नवरा." नाही. दोन्ही मनापासून घेतलेली. मग ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "तिसरं तुझं, ड्रू," आणि चुलीकडे वळले.

मी तुला खरं सांगते, अॅग्नेस, मला काही वाटलं नव्हतं. आतून हाक आली वगैरे काही नाही. मी दमले होते. मी फक्त ठरवलं होतं म्हणून म्हणाले, "हिबर्ट वेन्ट्झल."

त्याने मुखवटा काढला.

कपाळाला टेंगूळ आलं होतं. केस पिकले आहेत, मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या दंडावर जोरात मारलं आणि मग त्याला सोडलंच नाही. त्याच्या समोर जे म्हणायचं होतं ते म्हणाले. तो म्हणाला, "माहीत आहे गं. पुरे." मी म्हटलं, तुळई विसरलास? तो म्हणाला, "आमच्याकडे दाराला तुळई नाही, ड्रू." साधंच बोलला, पण मला ते लागलं. ओळखायची खूण गेली होती. मी खुणेची वाट बघत बसले असते तर त्याला दुसऱ्यांदा घालवला असता.

बाबा उठून उभे राहिले होते. खुर्चीची पाठ धरून. हिबर्ट दारापाशीच थांबला होता, पुढे यावं की नाही हे त्याला कळेना. त्याच्या डोक्यात ते जुने शब्द असणार, माझ्याही होते.

बाबांनी दोन्ही हात पुढे केले.

"जवळ ये," ते म्हणाले. "मला दिसत नाही. तोंड दाखव."

तो गेला आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. बाबांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं चाचपलं, घाई न करता, बिया निवडतात तसं. टेंगळावर बोट आलं तेव्हा ते हसायला लागले. अकरा वर्षांत तुळईवर आपटलेल्या कोणालाही ते इतके हसले नव्हते. हसता हसता रडले, मग आम्ही तिघंही.

घंटा त्याच्याकडेच होती. मोज्यात गुंडाळून आणली होती. ती मूळची ब्राइटच्या गळ्यातली, ख्रिसमसपुरती काढून पट्ट्याला लावायची, हे तू कधी विचारलं नसशील आणि त्याने कधी सांगितलं नसेल. बाबांनी ती एकदा वाजवली आणि स्वतः पट्ट्याला बांधली, बोटांनी भोक शोधत.

आठवडाभर त्याला ठेवून घेते. परत पाठवीन, काळजी करू नकोस. क्लॅराला सांग की तिने तिच्या बाबाला दिलेला लाल मुखवटा इथेच राहणार. आजोबांनी तो गव्याच्या कोटाशेजारी खुंटीला टांगायला लावला आहे, आणि मी काही बोलले नाही. पुढच्या थंडीत तो न्यायला तिने स्वतः यावं, तुला घेऊन. तिची उंची हिबर्टनं हाताने दाखवली. तेवढ्या उंचीला आमची तुळई लागत नाही.

आज बारावा दिवस. संध्याकाळी टायटस येणार आहे, मुखवटा लावून, मी ओळखावं म्हणून. त्याला त्याचं स्वतःचं नाव देणार आहे.

तुमची,
ड्रूसिला